नऊ दिवसांची मुदत

मेलबर्नच्या पश्चिमेकडील टार्नीट, पॉइंट कुक यांसारख्या उपनगरांत गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातून आलेली पुष्कळ कुटुंबे स्थायिक झाली आहेत. या कुटुंबांत एक तक्रार हमखास ऐकू येते आणि ती बहुधा पुण्याहून किंवा नाशिकहून नातवंडांकडे आलेल्या आजींच्या तोंडून येते. नातवाला ताप भरला, घसा लाल झाला, घोट गिळवेना, म्हणून सूनबाई त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून घसा पाहिला, मान चाचपली आणि "व्हायरल आहे, पाणी भरपूर पाजा, पॅनाडॉल द्या, उतार पडला नाही तर परत या," एवढे सांगून दोघांची बोळवण केली. आजींना हे मुळीच मंजूर नसते. आपल्या गल्लीतला डॉक्टर अशा वेळी निदान अँटिबायोटिकची एक बाटली तरी हातावर ठेवतो. इथे ना गोळी, ना इंजेक्शन! आणि घशाची हेळसांड केली तर दुखणे हृदयावर जाते, हे त्यांनी केवळ ऐकलेले नसते. चार पायऱ्या चढताच धाप लागणारी आणि पुढे पहिल्याच बाळंतपणात दगावलेली शेजारपाजारची एखादी मुलगी त्यांच्या पिढीतल्या पुष्कळांनी प्रत्यक्ष पाहिलेली असते.

आजींचे म्हणणे खरे आहे आणि डॉक्टरीणबाईंचेही खरे आहे. एकाच दुखण्याविषयी परस्परविरुद्ध दिसणारे हे दोन निर्णय एकाच देशात, एकाच दिवशी बरोबर कसे ठरतात, हे समजून घेतल्याशिवाय घशाच्या या आजाराचा धोका नेमका कोणाला आणि किती, याचा उलगडा होत नाही.

मुलांच्या दुखऱ्या घशांपैकी बहुतेक विषाणूंच्या कारवाईने दुखतात आणि त्यांवर अँटिबायोटिकचा काडीमात्र उपयोग नसतो. शाळकरी वयात साधारण चार-पाच घशांमागे एक घसा मात्र निराळ्या शत्रूच्या ताब्यात गेलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखा दिसणारा हा मालागोलाणू, डॉक्टरांच्या बोलीतला 'स्ट्रेप ए', १८७४ मध्ये बिलरोट यांनी जखमांच्या पुवात पाहिला आणि १९३३ मध्ये रिबेका लान्सफील्ड या अमेरिकन संशोधिकेने त्याच्या भाऊबंदांची रीतसर वर्गवारी लावली. ताप एकाएकी चढणे, गिळताना कळ येणे, जबड्याखालच्या गाठी सुजून दुखऱ्या होणे, टॉन्सिलवर पांढरट पू दिसणे आणि खोकला-सर्दीचा मागमूस नसणे, ही त्याची लक्षणे होत. नाक वाहत असेल, आवाज बसला असेल, खोकल्याची ढास लागली असेल, तर संशय विषाणूंवर जातो. परंतु ही लक्षणे इतकी बेभरवशाची आहेत की घशातून कापसाच्या बोळ्याने नमुना घेऊन तपासल्याखेरीज अनुभवी वैद्यही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

औषध न देताही हा घसा आठवडाभरात बरा होतो, आणि खरी गोम इथेच आहे. क्वचित टॉन्सिलच्या मागे गळू होते, कधी कान फुटतो, कधी दोन-तीन आठवड्यांनी मूत्रपिंडांना सूज येऊन लघवी चहाच्या रंगाची होते. पण ही प्रकरणे लक्षात तरी येतात. जे लक्षात येत नाही ते असे की घसा बरा झाला, मूल शाळेत जाऊ लागले, घरचे सगळे ते दुखणे विसरले, आणि मग दोन-तीन आठवड्यांनी त्याच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटली. मालागोलाणूच्या पृष्ठभागावर असलेल्या 'एम' नावाच्या प्रथिनाची ठेवण हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाशी मिळतीजुळती आहे. जंतूशी लढण्यासाठी शरीराने जी प्रतिद्रव्ये घडवली, ती या साम्यामुळे चकून सांध्यांवर, मेंदूवर आणि हृदयाच्या झडपांवर चाल करून जातात, असा या रोगाचा अर्थ आज लावला जातो. हाच संधिज्वर, म्हणजे र्‍हुमॅटिक फीव्हर. आज गुडघा सुजला, परवा तो ओसरून घोटा धरला, तेरवा मनगट, अशी सूज सांध्यांतून फिरत राहते आणि 'वाढीचे दुखणे' किंवा 'खेळताना मुरगळला असेल' अशा खुलाशावर घरचे समाधान मानतात.

काही मुलांत, विशेषतः मुलींत, हा रोग मेंदूच्या वाटेने प्रकट होतो. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, वळणदार अक्षराची मुलगी एकाएकी ओळ सोडून लिहू लागते, तिच्या हातून पेला निसटतो, खांदा आपोआप उडतो, चेहऱ्यावर वेडेवाकडे भाव उमटतात, विनाकारण रडू फुटते. झोपेत मात्र हे सारे थांबते. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य सिडनहॅम यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो, आणि 'धड एक वस्तू हातात धरता येत नाही' म्हणून अशा मुलींनी जगभरच्या शाळांत आजवर किती बोलणी खाल्ली असतील याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

सांधे पूर्ववत होतात, हाताचे झटकेही काही महिन्यांनी थांबतात. झडप मात्र पूर्ववत होईलच असे नाही. डाव्या अलिंदातून डाव्या निलयात रक्त सोडणारी द्विदली झडप आधी गळू लागते आणि संधिज्वराचे हल्ले पुनःपुन्हा होत गेले, तर तिच्या पाकळ्या जाड होऊन एकमेकींना चिकटतात. रक्त फुप्फुसांत तुंबते. धाप, पायांवर सूज, मेंदूत रक्ताची गुठळी जाऊन अर्धांग, आणि गर्भारपणी, रक्ताचे आकारमान वाढल्यावर, अकस्मात हृदय निकामी होणे, अशी पुढची मालिका आहे. १९६३ मध्ये दिल्लीच्या सुजॉय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले, की पाश्चात्त्य रुग्णांत ज्या अवस्थेला पोहोचण्यास झडपेला दशके लागतात, ती अवस्था भारतातील मुले विशीच्या आतच गाठतात. मुंबईच्या के. ई. एम.सारख्या रुग्णालयांतील हृदयशस्त्रक्रियेच्या विभागांनी आपल्या उमेदीच्या काळात याच आखडलेल्या झडपा मोकळ्या करण्यावर हात बसवला. आजींच्या स्मरणातली ती शेजारची मुलगी या हजारोंपैकीच एक.

आता मुदतीचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील वॉरन हवाईतळावर, जिथे तरुण जवान बराकींत दाटीवाटीने राहत आणि घशाची साथ सतत पेटलेली असे, डेनी, वॅनामेकर, रॅमलकॅम्प आदी वैद्यांनी घसा दुखणाऱ्या जवानांपैकी काहींना पेनिसिलीन दिले व काहींना दिले नाही. १९५० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निःसंदिग्ध होता: पेनिसिलीन मिळालेल्यांत संधिज्वर जवळजवळ नाहीसा झाला, न मिळालेल्यांत शंभरांमागे दोन-तीन जणांना तो जडला. पुढील अभ्यासांतून हेही निष्पन्न झाले, की घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध पोहोचले तरी संधिज्वर टळतो. नऊ दिवसांची ही मुदत लक्षात घेतली, म्हणजे मेलबर्नच्या डॉक्टरीणबाईंनी 'वाट पाहा' म्हणण्यात बेजबाबदारपणा नव्हता हे ध्यानी येईल. ज्या समाजात संधिज्वर जवळपास उरलेलाच नाही, तिथे प्रत्येक लाल घशावर अँटिबायोटिक ओतल्याने लाभ थोडा आणि इतर जंतूंना औषध पचवण्याची सवय लावण्याचा तोटा मोठा.

परंतु त्याच देशाच्या उत्तर टोकाला जाऊ. डार्विनच्या पूर्वेस सुमारे ५०० किलोमीटरवर, आर्नहेम लँडच्या किनाऱ्याला मानिंग्रिडा नावाची आदिवासी वस्ती आहे. पावसाळ्यात तिचा रस्ता पाण्याखाली जातो आणि विमान हाच मार्ग उरतो. २०१८ साली तिथल्या सहाशेहून अधिक मुलांची व तरुणांची हृदये ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासली, तेव्हा साधारण दर वीस जणांमागे एकाची झडप या रोगाने बिघडलेली आढळली. जगात कुठेही नोंदल्या गेलेल्या प्रमाणांपैकी हे एक अत्युच्च प्रमाण आहे, आणि ते जगातील अतिश्रीमंत राष्ट्रांच्या पंक्तीत बसणाऱ्या एका देशातले आहे. याआधी, २००८ ते २०१० या काळात, उत्तर व मध्य ऑस्ट्रेलियातील सुमारे पाच हजार शाळकरी मुलांची अशीच तपासणी झाली होती. त्यांपैकी दुर्गम वस्त्यांतील ३,९४६ आदिवासी व टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील मुलांत ३४ जणांना निश्चित रोग निघाला. शहरांतील कमी धोक्याच्या गटातील १,०५३ मुलांत एकालाही नाही. एक ध्वज, एक चलन, आणि आकड्यांच्या या दोन रकान्यांत एवढे अंतर!

इतिहासाचा उपरोध असा, की पेनिसिलीनला औषधाचे रूप देणारे हॉवर्ड फ्लोरी हे ॲडलेडचे सुपुत्र, आणि मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजने ते इतक्या तडफेने बनवले, की १९४४ सालीच सामान्य नागरिकांना पेनिसिलीन उपलब्ध करून देणारा पहिला देश म्हणून ऑस्ट्रेलिया मिरवू लागला. मालागोलाणूने आजतागायत पेनिसिलीनला दाद न देण्याची कला अवगत केलेली नाही. जंतूंच्या जगात इतके दीर्घ इमान दुर्मीळच म्हणायचे. तेव्हा औषध आहे, स्वस्त आहे, बिनचूक आहे. तरीही ते त्या मुलापर्यंत मुदतीत का पोहोचत नाही?

संधिज्वर एकदा होऊन गेलेल्या मुलाची गोष्ट पाहिली, तर या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. पुन्हा घशाला संसर्ग झाल्यास दुसरा हल्ला होण्याची व झडपेची आणखी नासाडी होण्याची शक्यता फार मोठी असल्याने, अशा मुलाला बेन्झाथीन पेनिसिलीनचे इंजेक्शन दर २१ ते २८ दिवसांनी घ्यावे लागते. हृदय शाबूत असले तरी किमान पाच वर्षे किंवा वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, यांतील जी मुदत नंतर संपेल तोवर, आणि झडप बरीच बिघडली असेल तर पस्तिशी-चाळिशीपर्यंत. आठव्या वर्षी हा फेरा सुरू झालेल्या मुलीला एकवीस वर्षांची होईतो दीडशेहून अधिक सुया टोचून घ्याव्या लागतात. ही सुई साधी नव्हे. औषध पांढरे, घट्ट आणि थंडपेटीत ठेवलेले. परिचारिका ते बाहेर काढून दोन्ही तळहातांत धरून ऊब देते, मग जाड सुईने मांडीत किंवा कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूत, घाई केली तर कळ वाढते म्हणून, अतिशय सावकाश सोडते. आणि ते आत जात असता मूल भिंतीकडे तोंड करून आईचे मनगट आवळून धरते. दोन-तीन दिवस ती जागा ठणकते. महिना उलटला की पुन्हा तेच. वेळेवर मिळायला हव्यात अशा इंजेक्शनांपैकी निदान ८० टक्के मिळणे, हा किमान निकष मानला आहे. नोंदवहीतील निम्म्याहून कमी रुग्ण तो पुरा करतात. हे वाचून 'लोकांना स्वतःच्या आरोग्याची कदर नाही' असा शेरा मारण्याचा मोह ज्याला होईल, त्याने आपण स्वतः पाच दिवसांच्या गोळ्यांचा कोर्स कितीदा तिसऱ्या दिवशी सोडला, याचा आधी झाडा घ्यावा.

नोंदवहीचा उल्लेख आला तो सहेतुक. १९९७ साली डार्विन येथे संधिज्वराच्या रुग्णांचे रीतसर दप्तर उघडले गेले, कारण या वस्त्यांतील माणसे नातलगांच्या अंत्यविधीसाठी, समारंभासाठी, कामासाठी शेकडो मैल जा-ये करतात आणि पुढची सुई कुठल्या दवाखान्यात द्यायची हे दप्तराखेरीज कोणी सांगू शकत नाही. बार्ट करी, जोनाथन कॅरापेटिस यांसारख्या डार्विनमधील संशोधकांनी या कामाचा पाया घातला, आणि मग इतर राज्यांनीही तशी दप्तरे ठेवली. दप्तर तुटले की काय होते याचा दाखला क्वीन्सलँडमधील डूमाजी या गावाने दिला. २०१९ व २०२० या दोन वर्षांत तिथल्या तीन स्त्रिया, त्यांतील दोघी विशीसुद्धा न गाठलेल्या, याच हृदयविकाराने मृत्यू पावल्या. कोरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने (हे पद मुंबईतही पुष्कळ वर्षे होते), २०२३ मध्ये आपले निष्कर्ष जाहीर केले, आणि वेगवेगळ्या आरोग्यसेवांमध्ये रुग्णांची माहिती एकमेकींपर्यंत पोहोचत नव्हती ही बाब त्यांतून चव्हाट्यावर आली.

ऑस्ट्रेलियाच्या २०२० सालच्या मार्गदर्शिकेने म्हणूनच घशाविषयी दोन निरनिराळे हुकूम दिले आहेत. कमी धोक्याच्या मुलाचा घसा दुखला तर सबुरी. पण संधिज्वराच्या मुलखातील दुर्गम वस्तीत किंवा माणसांनी गच्च भरलेल्या घरात राहणाऱ्या, अथवा ज्याला स्वतःला पूर्वी संधिज्वर झाला आहे अशा मुलाचा घसा दुखला, तर इतर लक्षणांची किंवा प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता पेनिसिलीनची एक सुई तिथल्या तिथे. तोंडाने औषध द्यायचे झाल्यास ते पुरे दहा दिवस. आणि या दोन गटांच्या मधोमध, धोका असू शकेल अशांच्या यादीत, घरात अलीकडे कोणाला हा रोग झालेली कुटुंबे आणि अल्प वा मध्यम उत्पन्नाच्या देशांतून आलेले स्थलांतरित यांचाही समावेश आहे. भारत त्या देशांत मोडतो.

ही नोंद आपल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मेलबर्नमध्ये जन्मलेल्या, स्वतंत्र खोलीत झोपणाऱ्या नातवाला आजींनी उगाच भीती घालू नये. पण जे मूल गेल्याच वर्षी गावाकडून आले, किंवा ज्याच्या आईच्या, मामाच्या, मावशीच्या झडपेवर कधी शस्त्रक्रिया झाली आहे, त्याच्या घशाविषयी डॉक्टरांना ही हकिकत आपण होऊन सांगितली पाहिजे. परक्या देशातील डॉक्टर ती विचारतीलच असे नाही, आणि त्यांनी तरुणपणी पुस्तकात वाचलेला हा रोग प्रत्यक्ष पाहिलेला असेलच असेही नाही. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरणारी सूज, कारणावाचून ताप, धाप, किंवा हातापायांच्या अनावर हालचाली दिसल्या, तर 'बघू चार दिवस' हा मंत्र सर्वथा त्याज्य होय.

उत्तरेकडच्या वस्त्यांबाबत मात्र घशावरच बोट ठेवून थांबता येत नाही. तिथल्या मुलांच्या घशात हा जंतू अपेक्षेहून कमी सापडतो आणि त्वचेवर भरमसाट. खरजेने खाजवून पुवाळलेले फोड जवळजवळ निम्म्या मुलांच्या अंगावर असतात. यावरून माल्कम मॅकडॉनल्ड, करी व कॅरापेटिस यांनी २००४ साली असा तर्क मांडला, की घशाखेरीज त्वचेच्या वाटेनेही हा जंतू हृदयापर्यंत पोहोचत असावा. पाठ्यपुस्तकांनी शतकभर घशाचाच एक मार्ग शिकवला होता. त्यामुळे वाद झाला आणि तो पुरता मिटलेला नाही, पण आता फोडांवरही तितक्याच तत्परतेने उपचार करतात. मला या वादापेक्षा त्यातून निघणारी पुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. घसा असो वा त्वचा, जंतू एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो तो एका गादीवर चौघे झोपतात म्हणून, आणि अंग व अंथरूण धुवायला पाणी नसते म्हणून.

पाण्याच्या या प्रश्नाला हात घालणारा एक प्रयत्न असा. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यातील अनांगू आदिवासींच्या मुलखात १९८० नंतरच्या दशकात नंगानम्पा हेल्थ कौन्सिलचे प्रमुख यामी लेस्टर यांनी तीन माणसांना हाताशी धरले: वास्तुशास्त्रज्ञ पॉल फोलेरोस, वैद्य पॉल टॉर्झिलो आणि पर्यावरण-आरोग्याचे जाणकार स्टीफन रेनो. त्यांना सांगितलेले काम एवढेच होते, की लोक आजारीच पडू नयेत अशी तजवीज करा. १९८७ च्या त्यांच्या अहवालाने निरोगी राहणीच्या नऊ बाबी क्रमवार मांडल्या आणि पहिली बाब अगदी घरगुती होती: घरातल्या लहान मुलाला रोज आंघोळ घालता आली पाहिजे. दुसरी, कपडे आणि अंथरुणे धुता आली पाहिजेत. मग पुढची अनेक वर्षे त्यांची पथके देशभर दारोदार फिरली. प्रत्येक घरी नळ सोडून पाहायचा, गरम पाणी येते का, मोरीतून ते वाहून जाते का, हे तपासायचे, आणि केवळ पाहणी करून न परतता जे दुरुस्त होण्याजोगे असेल ते त्याच दिवशी दुरुस्त करायचे, असा त्यांचा शिरस्ता. चालू स्थितीतील शॉवर आरंभी जेमतेम तिसऱ्या हिश्शाच्या घरांत आढळला. 'हे लोक घरे मोडून टाकतात' हा गैरसमज ऑस्ट्रेलियात घट्ट मुरलेला; पण पथकांच्या नोंदींप्रमाणे बिघाडांचे मुख्य कारण नियमित देखभाल न होणे, त्या खालोखाल मुळातच सदोष बांधकाम, आणि राहणाऱ्यांच्या हातून झालेली मोडतोड दहांत एकाहूनही कमी.

न्यू साउथ वेल्स राज्याने हीच पद्धत उचलली. १९९८ ते २००८ या दहा वर्षांच्या लेखाजोख्यात असे दिसून आले, की ज्या आदिवासी घरांची अशी दुरुस्ती झाली, तेथील माणसांचे संसर्गजन्य रोगांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण, दुरुस्ती न झालेल्या घरांतील लोकांच्या तुलनेत, ४० टक्क्यांनी कमी राहिले. नळाचे वायसर, गिझर आणि मोरीचे पाइप बदलण्याचा हा कार्यक्रम त्या राज्यात गृहनिर्माण खात्याने नव्हे, आरोग्य खात्याने चालवला.